फेटाळलेली याचिका

मागच्या पावसाळ्यात टेस्ट सिरीजच्या पेपरात मी एक प्रश्न घातला होता. ‘सी. बी. मुथम्मा विरुद्ध भारत सरकार (१९७९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचिका : (अ) मंजूर केली, (ब) फेटाळली, (क) घटनापीठाकडे सोपवली, (ड) उच्च न्यायालयाकडे परत पाठवली.’ वर्गात साठेक मुलं. बहुतेकांनी ‘अ’चा गोल काळा केला. दुसऱ्या दिवशी उत्तरतालिका लागली आणि पाच-सहा जण माझ्या टेबलाशी उभे.

‘मॅडम, तालिका चुकलीय. केस तर बायकांच्या बाजूने लागली ना?’

लागली.

‘मग फेटाळली कशी?’

त्याचं उत्तर द्यायला मला अख्खा तास लागला, आणि तरी बरंच सांगायचं राहिलं.

मी पुण्यात, सदाशिव पेठेत, स्पर्धा परीक्षांच्या मुलांना राज्यघटना शिकवते. बावीस वर्षं झाली. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी अभ्यासिका, समोर मेस. या गल्लीत मुथम्मांचं नाव रोज कुणी ना कुणी घोकत असतं. गाइडांमध्ये ‘भारतातील पहिल्या महिला’ असा तक्ता असतो ना, त्यात : पहिल्या आयएएस अण्णा राजम, पहिल्या आयपीएस किरण बेदी, पहिल्या आयएफएस सी. बी. मुथम्मा. एकेक बाई एकेका ओळीत. पाठ करायचं आणि पुढच्या तक्त्याला लागायचं. पुढचा तक्ता बहुधा धबधब्यांचा असतो.

हा तक्ता वाचला की वाटतं, दार बंद होतं, कुणीतरी ते उघडलं, बाई आत गेली, संपलं. मुथम्मांच्या बाबतीत दार उघडलं १९४९ साली. खरी गोष्ट त्यानंतरच्या तीस वर्षांची आहे, आणि ती तक्त्यात बसत नाही.

मुथम्मांचा जन्म २४ जानेवारी १९२४ चा, कोडगूमधल्या विराजपेटचा. आपण ज्याला कूर्ग म्हणतो तो हा मुलूख. कॉफीचे मळे, घरात बंदूक आणि घरातलं निदान एक माणूस फौजेत. १९४९ च्या जानेवारीत ज्यांनी ब्रिटिश सेनापतीकडून भारतीय लष्कराची सूत्रं घेतली ते करिअप्पाही इथलेच. म्हणजे एकाच वर्षी या चिमुकल्या प्रांताने देशाला पहिला भारतीय सरसेनापती दिला आणि परराष्ट्र सेवेतली पहिली बाईही. सरसेनापतींकडून कुणी काही लिहून घेतलं नव्हतं. बाईंकडून घेतलं. त्याकडे येतेच.

कोडवांमध्ये घराण्याचं नाव आधी, मग वडिलांचं, मग स्वतःचं. म्हणजे ‘सी’ हे चोनिरा घराणं, ‘बी’ म्हणजे वडील बेळ्ळियप्पा. मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण ती ‘सी. बी.’ हा नुसता उपसर्ग समजतात. वडील वनखात्यात अधिकारी होते. मुथम्मा नऊ वर्षांच्या असताना ते गेले. मागे आई आणि चार मुलं. चौघांनाही शिकवायचं हे आईने ठरवलं आणि पार पाडलं. मडिकेरीची शाळा, मग मद्रासचं विमेन्स ख्रिश्चन कॉलेज, मग प्रेसिडेन्सी कॉलेजातून इंग्रजी साहित्यात एम.ए. आणि १९४८ मध्ये लोकसेवा आयोगाची परीक्षा.

तेव्हा परराष्ट्र सेवा स्वतःच कोवळी होती. ती स्थापन करायचा निर्णय ऑक्टोबर १९४६ चा; वकिलाती उघडत होत्या, माणसं कमी पडत होती. लेखी परीक्षेला तोंड दिसत नाही, त्यामुळे तिथे अडचण आली नाही. ती आली तोंडी परीक्षेत. पुढे न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेत मुथम्मांनी लिहिलंय की आयोगाच्या अध्यक्षांनी मुलाखतीत त्यांना परराष्ट्र सेवेत जाण्यापासून परावृत्त करायचा प्रयत्न केला, आणि गुण देतानाही हात आखडता घेतला. तरीही नाव यादीत आलंच. मग रुजू होताना त्यांच्याकडून एक हमीपत्र घेतलं गेलं. लग्न केलं तर राजीनामा देईन.

मुलांना वाटतं, ब्रिटिश नुकतेच गेले होते, जुना काळ, चालायचंच. म्हणून मी फळ्यावर तारखा मांडते. १९४९ : हमीपत्र. २६ जानेवारी १९५० : राज्यघटना लागू. कलम १६(२) सांगतं की सरकारी नोकरीत केवळ लिंगाच्या कारणावरून कुणाही नागरिकाला डावलता येणार नाही. आता हमीपत्राचं काय व्हायला हवं? सगळा वर्ग एका सुरात : ‘रद्द!’ हो ना? आता तिसरी तारीख. १९६१ : परराष्ट्र सेवेचे नवे नियम तयार झाले. त्यात आधीची ती चिठ्ठी जाऊन रीतसर कलमं आली. जे तोवर कागदाच्या तुकड्यावर होतं ते घटना लागू होऊन अकरा वर्षांनी छापून, क्रमांक घालून, पक्कं झालं.

त्यातलं ८(२) मी मराठीत करून झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढून वाटते. माझ्या शब्दांत ते असं : सेवेतल्या स्त्री अधिकाऱ्याने विवाहापूर्वी शासनाची लेखी परवानगी घ्यावी. विवाहानंतर, तिच्या कौटुंबिक व घरगुती जबाबदाऱ्या कर्तव्याच्या योग्य व कार्यक्षम पालनाच्या आड येण्याचा संभव आहे अशी शासनाची खात्री झाल्यास, तिला केव्हाही राजीनामा देण्यास सांगता येईल. शिवाय भरतीच्या नियमांत आणखी एक ओळ होती : कोणत्याही विवाहित स्त्रीला या सेवेत नियुक्ती मिळण्याचा हक्क असणार नाही.

बघा, किती सभ्य भाषा आहे. मनाई कुठेच नाही. परवानगी आहे, संभव आहे, खात्री आहे. काम बिघडलं असं सिद्ध करायची गरज नाही. बिघडेलसं वाटलं तरी पुरे. आणि वाटणार कुणाला, तर शासनाला. वर्गात मी एखाद्या मुलाला उभं करते आणि ‘स्त्री अधिकाऱ्याने’च्या जागी ‘पुरुष अधिकाऱ्याने’ घालून तेच वाचायला सांगते. दुसऱ्या वाक्यापर्यंत वर्ग हसायला लागतो. मग पुन्हा मूळचं वाचायचं. तेव्हा कुणी हसत नाही, पण दचकतही नाही. त्याचं मला जास्त वाटतं.

१९६१ साली परराष्ट्र खातं होतं खुद्द पंडित नेहरूंकडे. त्यांच्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित त्याच वर्षापर्यंत लंडनला उच्चायुक्त होत्या. त्याआधी मॉस्को, वॉशिंग्टन, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं अध्यक्षपद १९५३ मध्ये. पुढे त्या आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. त्यांचे पती रणजित पंडित मराठी घरातले, म्हणून आपल्याकडे त्यांच्याबद्दल थोडी माहेरासारखी आपुलकी असते. त्यांच्या कर्तबगारीबद्दल मला शंका नाही. पण मौज बघा. बाई भारताची बाजू जगापुढे मांडू शकते हे ज्या सरकारने सगळ्या जगाला दाखवलं, त्याच सरकारचा नियम म्हणत होता की परीक्षा देऊन आलेल्या बाईला लग्नासाठी अर्ज करावा लागेल. राजकीय नेमणुकीने आलेल्या बाईला एक न्याय, यादीतून आलेल्या बाईला दुसरा.

हे आपल्याच डोक्यातून आलं होतं असंही नाही. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईने नोकरी सोडायची ही शाळा, टपाल, बँका सगळीकडचीच रीत. तिथल्या देशांतर्गत नागरी सेवेतून ती १९४६ ला गेली, पण राजनैतिक सेवेने ती १९७३ पर्यंत धरून ठेवली. अमेरिकेतही १९७२ उजाडावं लागलं. युक्तिवाद सगळीकडे एकच : राजदूत म्हणजे अर्धं काम त्याच्या बायकोचं. मेजवान्या, पाहुणचार, गोड बोलणं. बाईच राजदूत झाली तर ते कोण करणार? तिचा नवरा? ती कल्पनाच त्यांना पेलवत नव्हती.

हे दिल्लीत चाललेलं असताना इकडे मुंबईत काय झालं, ते मला फार आवडतं. इथल्या एका औषध कंपनीत पॅकिंग आणि लेबलिंगच्या खात्यात मुली काम करत. लग्न झालं की नोकरी खलास असा कंपनीचा नियम. कंपनीचं म्हणणं, काम टोळीने चालतं, एक आली नाही की सगळं अडतं आणि लग्न झालेल्या बायका खाडे जास्त करतात. बॉम्बे लेबर युनियन भांडली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तो नियम काढून टाकला. खाडे मुलाबाळांमुळे होतात म्हणता, तर मग विधवांनाही मुलं असतातच, त्यांना कसं ठेवता, असा सरळ व्यवहारी मुद्दा न्यायमूर्तींनी मांडला. म्हणजे बाटल्यांना लेबलं चिकटवणाऱ्या मुंबईच्या मुलींची १९६५ सालीच लग्नाच्या अटीतून सुटका झाली. भारताच्या राजदूत बाईंना आणखी चौदा वर्षं थांबावं लागलं. लेबलवाल्या मुलींमागे युनियन होती. परराष्ट्र सेवेत युनियन नसते.

मुथम्मांची पहिली नेमणूक पॅरिसला झाली. पुढे रंगून, लंडन, आणि दिल्लीत पाकिस्तान आणि अमेरिकेशी संबंधित विभाग. वकिलातीतल्या कामाबद्दल आपल्या मनात जे चित्र असतं (सूट, शॅम्पेन, हस्तांदोलन) त्याच्या बाहेरचं हे काम बरंचसं कारकुनी चिकाटीचं असतं. रोज स्थानिक वर्तमानपत्रं वाचायची, कोण कुणाला भेटलं ते टिपायचं, त्यातून आपल्या सरकारला काय कळायला हवं ते अर्ध्या पानात लिहायचं. पाकिस्तानचा विभाग म्हणजे तर देशाच्या सुरक्षेची रोजची नाडी. तिथे कुठलं वाक्य अतिशयोक्तीचं आणि कुठलं खरं, हे ओळखणारा माणूस लागतो. तो माणूस विवाहित आहे की नाही याने वाक्याचा अर्थ बदलत नाही.

१९७० मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या. सेवेतून वर आलेली पहिली भारतीय स्त्री राजदूत. ज्या ब्रिटिशांकडून आपण ही रीत उचलली, त्यांची पहिली स्त्री राजदूत, ॲन वॉरबर्टन, डेन्मार्कला गेली ती १९७६ साली. आपण सहा वर्षं पुढे होतो. हे सांगितलं की मुलं खूष होतात. होऊ देते.

बुडापेस्टनंतर घानामध्ये आक्रा. आणि मग सत्तरच्या दशकाच्या शेवटाला बढतीचं प्रकरण उभं राहिलं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण हा भाग लोकांना रटाळ वाटतो आणि माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. परराष्ट्र सेवेत श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीत, म्हणजे ग्रेड वनमध्ये, जायचं तर निवड समिती तुमची गुणवत्ता तपासते. समितीने म्हटलं अजून नाही, तर तुम्ही खाली राहता आणि तुमच्या मागचे पुढे जातात. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात तरी ते आधी पोचलेले, म्हणून कायमचे तुमच्या वर. सेवाज्येष्ठता यादी एकदा लागली की ती दगडावरची रेघ. आणि मुथम्मा तेव्हा पंचावन्नच्या होत्या. त्या काळी निवृत्ती अठ्ठावन्नला. अशा वेळी दोन-चार महिन्यांचा फरकही उरलेल्या सगळ्या नोकरीवर पडतो.

मला हे सांगताना घसा थोडा कोरडा पडतो. तरुणपणी मी एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होते. नाव घेत नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तर ज्येष्ठता यादीत माझ्यानंतर लागलेले दोघे माझ्या वर. विचारायला गेले तर कार्यालयातल्या वडीलधाऱ्यांनी समजावलं, ‘ताई, कशाला वाकड्यात शिरता? नोकरी आहे ना?’ मी शिरले नाही. घरीही सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. आपल्याकडे बाईने दुसऱ्यासाठी भांडावं, समाजासाठी भांडावं, देशासाठी तर जरूर भांडावं. स्वतःच्या पगारासाठी, पदासाठी भांडू नये. ते हलकं दिसतं. दोनेक वर्षांत मी ती नोकरी सोडली आणि या गल्लीत आले.

मुथम्मांना ग्रेड वनसाठी पुरेशा गुणवान नाहीत म्हणून डावललं गेलं, तेव्हा त्या वाकड्यात शिरल्या. स्वतःच्या पदासाठी. थेट सर्वोच्च न्यायालयात, आणि तेही सेवेत असताना, आपल्याच सरकारविरुद्ध. याचिकेत त्यांनी नुसतं ‘माझी बढती’ म्हटलं नाही. मुलाखतीपासूनचं सगळं लिहिलं, हमीपत्र लिहिलं, १९६१ चे नियम जोडले, आणि म्हटलं की मला डावललं यामागे बायकांबद्दलचा जुना आकस आहे, हे बघा त्याचे छापील पुरावे. मला विचाराल तर ती बढतीची तक्रार हेच या प्रकरणाचं मोठेपण आहे. लग्नाचा हक्क मागायला गेल्या असत्या तर लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. त्या मागायला गेल्या आपली जागा.

याचिका आली न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि न्या. शिंघल यांच्यापुढे. कृष्ण अय्यर म्हणजे केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट सरकारातले माजी मंत्री. आणीबाणीच्या आदल्या दिवशी इंदिरा गांधींच्या प्रकरणात सशर्त स्थगिती देणारे तेच. इंग्रजी असं लिहायचे की शब्दकोश घेऊन बसावं. सरकारतर्फे उभे होते सॉलिसिटर जनरल सोली सोराबजी, आपले मुंबईकर.

निकाल १७ सप्टेंबर १९७९ चा. मराठवाड्याच्या मुलांना ही तारीख सांगावी लागत नाही, त्यांचा तो मुक्तिदिन. परभणीच्या एका मुलाने वहीत झेंडा काढून शेजारी ‘मुथम्मा’ लिहिलेलं मी पाहिलंय.

निकाल थोडक्या पानांचा आहे. पहिल्याच वाक्यात न्यायमूर्ती विचारतात की ही कहाणी ऐकून घटनेतली समानतेची कलमं खरी की नुसती पुराणकथा, असा प्रश्न पडतो. मग आठवा नियम घेतात आणि, आमच्या वर्गात करतो तेच, उलटा करून बघतात. बाईच्या लग्नाने सरकारला जो धोका, तोच पुरुषाच्या लग्नाने नाही का? घरच्या जबाबदाऱ्या पुरुषाच्या कामाच्या आड येत नाहीत? स्वातंत्र्याला एक तृतीयांश शतक होत आलं तरी नियमांतून बाईविषयीचा आकस झिरपतोच आहे, असं ते स्पष्ट लिहितात.

दरम्यान सरकार काय करत होतं? याचिका दाखल झाल्यावर मुथम्मांना बढती दिली गेली होती. काही महिन्यांपूर्वी पुरेशी गुणवत्ता नव्हती; आता सापडली. हेगला, म्हणजे नेदरलँड्सला, राजदूत म्हणून नेमणूकही झाली. न्यायमूर्तींनी इथे लॅटिनमध्ये एक चिमटा काढलाय. त्याचं मराठी आपल्याकडे तयारच आहे : कावळा बसायला आणि फांदी मोडायला. याचिकेमागोमाग बढती आली ती याचिकेमुळेच का, असं विचारून ते म्हणतात, न्याय झालाय ना, मग आणखी खोदत बसायचं कारण नाही. नियमांबद्दल सोराबजींनी सांगितलं की विवाहित स्त्रीला हक्क नाकारणारी ओळ काढली आहे आणि परवानगीचा नियमही काढण्याच्या वाटेवर आहे.

आता मुलांचा प्रश्न. बढती मिळाली. एक नियम गेला, दुसरा चाललाय. मग न्यायालयाने मंजूर करायचं काय? म्हणून याचिका फेटाळली. पण फेटाळताना लिहिलं की आम्ही याचिका निकाली काढतोय, प्रश्न नव्हे. मधल्या महिन्यांत जे कनिष्ठ वर गेले त्यांच्या संदर्भात मुथम्मांच्या ज्येष्ठतेचा फेरविचार करा, आणि सगळेच सेवानियम तपासून हा डाग काढा. कुणीतरी पुन्हा याचिका करेल याची वाट बघू नका.

‘म्हणजे जिंकल्या ना?’ कागदावर हरल्या. ‘पण नियम गेला ना?’ गेला. ‘मग परीक्षेत काय लिहायचं?’ फेटाळली, असं लिहायचं.

या निकालाची भक्ती करावी असं मात्र मला वाटत नाही. त्याच निकालात एक वाक्य असंही आहे की प्रत्येक कामात, प्रत्येक परिस्थितीत स्त्रीपुरुष समानच आहेत असं आम्ही सरसकट म्हणत नाही. कामाच्या स्वरूपानुसार व्यवहार बघावा लागेल. बाईला ‘नाजूक जात’ म्हणायची लकबही आहेच. ही खिडकी उघडी राहिली, आणि दोन वर्षांत तिच्यातून वारा आला. १९८१ च्या ऑगस्टमध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला निकालात निघाला. पहिल्या गरोदरपणालाच नोकरी संपवणारा नियम न्यायालयाने रद्द केला. पण रुजू झाल्यापासून चार वर्षं लग्न करायचं नाही ही अट योग्य ठरवली. कारण काय, तर तोवर मुली जरा परिपक्व होतात. मुथम्मांचा निकाल डोळ्यांपुढे असताना.

हेगचं सांगते. ज्या गावात आंतरराष्ट्रीय न्यायालय भरतं तिथे, आपल्याच सरकारला न्यायालयात खेचलेली बाई त्याच सरकारची राजदूत. मला हे चित्र फार आवडतं. आणि वेळही साधी नव्हती. १९७९ च्या डिसेंबरात नाटोने पश्चिम युरोपात अमेरिकेची नवी अण्वस्त्रधारी क्षेपणास्त्रं आणायचं ठरवलं, त्यातली ४८ नेदरलँड्समध्ये. डच माणूस एरवी शांत. पण नोव्हेंबर १९८१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर या क्षेपणास्त्रांविरुद्ध सुमारे ४ लाख लोक उतरले.

त्याच काळात मुथम्मा एका वेगळ्याच टेबलाशी बसल्या होत्या. स्वीडनचे ओलोफ पाल्मे यांनी १९८० मध्ये निःशस्त्रीकरण आणि सुरक्षा या विषयावर एक स्वतंत्र आयोग नेमला. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स, ब्रिटनचे डेव्हिड ओवेन, सोव्हिएत संघाचे गिओर्गी अर्बातोव्ह, नायजेरियाचे ओबासांजो, नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड. भारतातर्फे सी. बी. मुथम्मा. शीतयुद्धातले दोन्ही तट एका खोलीत. १९८२ च्या अहवालात त्यांनी मांडलेली कल्पना होती सामाईक सुरक्षेची : शत्रूच्या जिवावर आपण सुरक्षित होऊ शकत नाही, झालोच तर त्याच्यासह होऊ. नुसतं तत्त्वज्ञान नव्हे, मोजमापही दिलं. मध्य युरोपात सीमेच्या दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे किलोमीटर रणांगणावरची अण्वस्त्रं ठेवायची नाहीत. कारण साधं आहे. सीमेला चिकटून ठेवलेलं अण्वस्त्र चकमकीच्या पहिल्याच तासात शत्रूच्या हाती पडायची भीती असते, आणि त्या भीतीने सेनापती ते आधीच वापरून मोकळा होतो. तीनशे किलोमीटर अंतर म्हणजे विचार करायला मिळालेला वेळ. भारतीय उपखंडाला हा धडा तेव्हा लांबचा वाटला असेल. १९९८ नंतर तो फार लांबचा राहिला नाही.

गाइडमध्ये हे कुठेच नसतं. ‘पहिली महिला’ झाल्यावर तिने विचारही केला होता, हे छापायला जागा लागते.

त्या १९८२ मध्ये निवृत्त झाल्या. पुढे व्यवस्थेवर कोरडे ओढणारं एक पुस्तक इंग्रजीत लिहिलं, आणि त्याआधी, २००० साली, कोडवांच्या स्वयंपाकाचं पुस्तकही, एका सहलेखिकेबरोबर. तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले कडंबुट्टू, डुकराच्या मांसाची पंदी करी, तिला काळा रंग आणि आंबटपणा देणारी कच्चंपुळी. ‘कौटुंबिक व घरगुती जबाबदाऱ्या’ कामाच्या आड येतील म्हणून ज्या सेवेला भीती वाटायची, त्या सेवेतली बाई निवृत्तीनंतर पाककृती लिहिते आहे. माझ्या बहिणीला हे आवडलं नाही, ‘शेवटी स्वयंपाकच ना!’ म्हणाली. मला वाटतं, स्वयंपाक आवडणं आणि तो गळ्यात पडणं यातला फरक त्यांच्याइतका कुणाला कळला नसेल.

२००९ च्या ऑगस्टमध्ये निरुपमा राव परराष्ट्र सचिव झाल्या. त्या पदावर आलेल्या दुसऱ्या स्त्री. पहिल्या चोकिला अय्यर, २००१ मध्ये. निरुपमा रावांनी इंग्रजीतली एम.ए. ची पदवी आपल्या मराठवाडा विद्यापीठाची घेतलेली आहे, हे मी न चुकता सांगते. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १४ ऑक्टोबर २००९ ला, मुथम्मा बेंगळुरूमध्ये गेल्या. वय पंच्याऐंशी.

त्या दिवशी तास संपला तरी एक मुलगी बसून होती. सोलापूरकडची. घरून तिला दोन अटेंप्ट दिलेत. या दोन्हींत झालं तर ठीक, नाहीतर मुलगा बघून ठेवलाय. मुलाकडचे म्हणतात, अभ्यास करू देऊ, घरचं सांभाळून. आठव्या नियमाचा कागद तिने घडी घालून वहीत ठेवला होता. मला वाटलं, काहीतरी बोलेल. मी खुर्ची ओढून बसलेही.

‘मॅडम, ही रिट कलम ३२ खाली होती की २२६?’

३२, म्हटलं. थेट सर्वोच्च न्यायालयात.

तिने समासात ‘३२’ लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि जिना उतरून गेली. साडेआठनंतर मेसमध्ये चपात्या संपतात.